भाव कळायचा कसा

आमच्या दादांना कांद्याचा भाव कळायचा तो कांदा विकून झाल्यावर. दादा म्हणजे माझे वडील. पारनेर तालुक्यात आमची साडेचार एकर जमीन, त्यातली दीड एकर विहिरीखाली. बाकी सगळी पावसाच्या भरवशावर. कांदा निघाला की गावातले सात-आठ शेतकरी मिळून एक ट्रक ठरवायचे. गोण्या शिवायच्या, प्रत्येक गोणीवर लाल रंगाने नावाचं अक्षर काढायचं, ट्रक भरून पुण्याच्या आडत्याकडे लावून द्यायचा आणि घरी येऊन वाट बघत बसायचं.

मग पोस्टकार्ड यायचं. १९८२-८३ साली ते पंधरा पैशांना मिळायचं. आडत्याचं नाव-पत्ता वर छापलेला, खाली मुनीमजीचं तिरपं अक्षर. ‘आपला माल ४२ डाग मिळाला. बाजार मंदा आहे. माल थोडा ओला होता. पट्टी ड्रायव्हरसोबत पाठवली आहे.’ मी दहावीपर्यंत शिकलेलो, त्यामुळे अख्ख्या आळीची कार्डं वाचायला माझ्याकडे यायची. ‘बाजार तेज आहे’ असं लिहिलेलं कार्ड मी सगळ्या वर्षांत दोन-तीनच वाचली असतील.

पट्टीवर भाव असायचा, त्याच्या खाली आडत, हमाली, तोलाई, वाराई, मोटारभाडं, आणि सगळ्यात शेवटी ‘उचल वजा’. त्या शेवटच्या ओळीविषयी मी पुढे सांगणार आहे, कारण सगळी गोम तिथेच आहे.

एका वर्षी काय झालं, की एकाच ट्रकमध्ये गेलेल्या मालाची दोन कार्डं एकाच दिवशी आली. एक आमचं, एक शेजारच्या तात्यांचं. वाफा शेजारी, बी एकाच घरचं, तात्यांचा भाव मात्र दहा किलोला दोन रुपयांनी जास्त. दादा तडकले. दुसऱ्या दिवशी पहाटेची एसटी धरून पुण्याला गेले. म्हणाले, ‘आज त्याची खतावणीच बाहीर काढतो.’ संध्याकाळी परत आले ते शांत. आईने विचारलं, काय झालं? दादांनी कोपरीच्या खिशातून पाचशे रुपये काढून तिच्यापुढे ठेवले. ‘चांगला मानूस हाय. च्या पाजला, जेवू घातलं. खताला पैसं न्हाईत म्हनलो तर इचारलं बी न्हाई कशाला.’ भांडायला गेलेला माणूस उचल घेऊन आला. पुढल्या वर्षीचा कांदाही आता त्याच आडत्याच्या दारात जाणार, हे त्या पाचशेतच लिहिलेलं होतं.

आज्याच्या काळात याहून वाईट होतं असं म्हणायचे. तेव्हा भाव रुमालाखाली ठरायचा. व्यापारी आणि आडत्या एकमेकांचा हात धोतराच्या सोग्याखाली नाहीतर रुमालाखाली धरायचे आणि बोटं दाबून सौदा व्हायचा. मालाचा मालक दोन हातांवर उभा, पण त्याला ऐकू यायला काही नाही आणि दिसायला फक्त हलणारा रुमाल. याला हत्ता म्हणायचे. १९६३ साली महाराष्ट्राचा बाजार समितीचा कायदा आला आणि उघड लिलाव आला. आज बाजार समितीला शिव्या देणारे पुष्कळ आहेत, मीही देतो, पण त्या रुमालाची आठवण ठेवून देतो.

तर भाव आधी कळायला साधन काय होतं? रेडिओ होता. संध्याकाळी पुणे केंद्रावरून बाजारभाव सांगायचे, पण ते कालचे आणि मोठ्या बाजारांचे. खरी बातमी आणायचे ते दुधाच्या टँकरचे ड्रायव्हर आणि मुक्कामाच्या एसटीचे कंडक्टर. आमच्या गावचा मुक्कामी कंडक्टर पारावर उतरला की पहिला प्रश्न ‘कांदा काय?’ त्याच्या तिकिटांइतकाच त्याच्या भावावर विश्वास. २००५ साली ‘ॲग्रोवन’ सुरू झाला, शेतीचा रोजचा पेपर. त्यातलं बाजारभावाचं पान आमच्याकडे सलूनमध्ये लावलेलं असायचं. दाढी होईपर्यंत लासलगावपासून सोलापूरपर्यंत फिरून व्हायचं.

मोबाईल देशात आला १९९५ साली. तेव्हा बोलायला मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत लागायचे आणि आलेल्या फोनलाही पैसे पडायचे. सोळा रुपयांत त्या वेळी मजुराचा अर्धा दिवस निघायचा, तेव्हा ते आमच्यासाठी नव्हतंच. २००३ साली आलेला फोन फुकट झाला आणि तिथून तो शेतकऱ्याच्या कोपरीत शिरला. मी २००५ च्या दिवाळीनंतर घेतला. नोकियाचा, बॅटरीवाला. खरं सांगायचं तर आम्ही तो बोलण्याइतकाच बॅटरीसाठी घेतला. लाइट रात्रीची, मोटार चालू करायला विहिरीवर जायचं, वाटेत सापकिरडू. पुढे पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी घरबसल्या मोबाईलवरून मोटार चालू-बंद करायचं यंत्र काढलं, ‘नॅनो गणेश’ नावाचं. मला विचाराल तर शेतकऱ्याच्या जिवाला मोबाईलचा पहिला खरा उपयोग झाला तो हा. भावाचं नंतर.

रेंज मात्र मळ्यात नव्हती. खंडोबाच्या टेकडीवर एका धोंड्यावर उभं राहिलं की दोन काड्या यायच्या. सकाळी सात वाजता त्या टेकडीवर देवाला कमी आणि मार्केटला फोन लावायला जास्त माणसं असायची.

२००७ च्या ऑक्टोबरात रॉयटर्स या जगभर बातम्या विकणाऱ्या कंपनीने महाराष्ट्रात एक सेवा काढली. ‘रॉयटर्स मार्केट लाइट’. महिन्याला साठेक रुपये वर्गणी, आणि त्यात आपल्या मोबाईलवर मराठीतून आपल्या पिकाचा, आपण निवडलेल्या बाजारांचा भाव आणि हवामान. वर्गणी पोस्टातही भरता यायची. मला याचं फार नवल वाटलं. ज्या पोस्टातून आडत्याची कार्डं आली, त्याच पोस्टात आता आडत्याला न विचारता भाव मिळणार! मी तीन महिन्यांची वर्गणी भरली. दादा तेव्हा होते. त्यांना मेसेज वाचून दाखवला, तर म्हणाले, ‘फुकाट हाय का?’ म्हटलं नाही, पैसे पडतात. ‘मंग खरं आसंल.’

आता त्या मेसेजचं कसं असायचं ते शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन आकडे. माणसाचा डोळा जातो कमालवर. पण कमाल म्हणजे काय, तर त्या दिवशीचं सगळ्यात भारी एखादं वक्कल. वक्कल म्हणजे एका शेतकऱ्याचा एक ढीग. बाजारात चारशे वक्कलं आलेली असतात, त्यातल्या एका-दोघांना तो भाव. रंग, पत्ती, आकार, सगळं एकसारखं. आपल्या कांद्यात गोल्टी, जोड, चिंगळी सगळंच. त्याला सर्वसाधारणच्याही खाली जावं लागतं. पण मेसेज वाचताना प्रत्येकाला आपलं वक्कल कमालचंच वाटतं. आईला आपलं लेकरू जसं गोरंच दिसतं, तसं.

२००९ साली मी या आकड्यांना भुललो. नगरला सर्वसाधारण ९००, पुण्याला कमाल १६०० असा मेसेज. माझ्या तीस गोण्या, म्हणजे पंधरा क्विंटल. मी एकट्याने टेम्पो केला आणि पुण्याला गेलो. तिथे आवक दुप्पट. दहा किलोला १०५ गेला, म्हणजे १०५० क्विंटल. त्याच दिवशी आमच्या तात्यांच्या मुलाने नगरला ९५० ने दिला. मला क्विंटलमागे शंभर, म्हणजे दीड हजार जास्त मिळाले, आणि टेम्पोला नगरपेक्षा अठराशे जास्त गेले. तीनशे रुपये घालवून मी एक रात्र मार्केट यार्डात गोणीवर झोपून आलो. मच्छर वेगळे.

माझा एक पुतण्या राहुरीच्या कृषी विद्यापीठात शिकला. त्याने पुढे मला एक गोष्ट वाचून सांगितली. मार्सेल फाफशाँ आणि बार्ट मिंटेन या दोन अभ्यासकांनी याच सेवेची परीक्षा आपल्या महाराष्ट्रातल्या शंभर गावांत घेतली होती. काही गावांतल्या शेतकऱ्यांना वर्षभर सेवा फुकट दिली, काहींना दिली नाही, आणि मग दोघांना मिळालेले भाव ताडून पाहिले. २०१२ साली ते छापून आलं. निघालं काय, तर सरासरीने भावात म्हणावा असा काही फरक नाही. मी म्हटलं, एवढे लांबून आले कशाला, मला विचारलं असतं तर मी टेम्पोचं भाडं दाखवलं असतं.

पण पुतण्याने लगेच दुसरी गोष्ट सांगितली आणि मी विचारात पडलो. केरळात १९९७ ते २००१ या काळात किनाऱ्यावर मोबाईलचे टॉवर लागले. रॉबर्ट जेन्सन नावाच्या अभ्यासकाने तिथल्या मच्छीमारांचा हिशेब ठेवला. मच्छीमार समुद्रातूनच फोन करायचे, कोणत्या बंदराला आज मासा कमी आहे विचारायचे आणि होडी तिकडे वळवायचे. फेकून द्यायचा मासा जवळजवळ बंद झाला. मच्छीमाराचा नफा आठ टक्क्यांनी वाढला आणि खाणाऱ्याला मासा चार टक्क्यांनी स्वस्त पडला. एकच यंत्र. तिकडे झालं, मग आमच्याकडे का नाही?

मी यावर बऱ्याच रात्री पाणी भरता भरता विचार केला. होडी समुद्रात असते, तिला या बंदराला जायचं का त्या, हे शेवटच्या तासाला ठरवता येतं. माझा कांदा एकदा गोणीत शिवला आणि टेम्पोत चढला की तो टेम्पोवाल्याच्या भाड्याचा गुलाम. तीस गोण्यांना स्वतंत्र गाडी परवडत नाही, भागीदारीतली गाडी सगळ्यांच्या मताने जाते. आणि दुसरं, ती पट्टीवरची शेवटची ओळ. उचल वजा. आडत्याचे पाचशे, पुढे पाच हजार, पुढे पंचवीस हजार ज्याच्या अंगावर आहेत, त्याला मोबाईलने दहा बाजारांचे भाव सांगितले तरी त्याचा माल जाणार एकाच दारात. भाव कळणं एक आणि भावापर्यंत जाता येणं दुसरं. बँकेने, सोसायटीने वेळेवर पैसे दिले असते तर त्या मेसेजचा उपयोग झाला असता. कोणी म्हणेल शेतकरी अडाणी, म्हणून झाला नाही. तसं नाही.

फोनचा उपयोग झालाच नाही असंही नाही. झाला तो वर्गणी न भरता. गाडी भरायच्या आधी नगरच्या नेप्ती बाजारात हमालाला एक फोन करायचा आणि भाव नाही, आवक विचारायची. ‘गाड्या किती लागल्यात?’ रांग बाहेर रस्त्यावर आली असेल तर गाडी भरायची नाही, नाहीतर घोडेगावकडे न्यायची, नाहीतर वांबोरीला. नेप्ती, घोडेगाव, वांबोरी आणि पारनेर या चार ठिकाणी आमचे चार माहितीतले हमाल. त्यांना दिवाळीला फराळाचा डबा जातो. आमचं मार्केट लाइट तेच.

२०१६ साल दोन कारणांनी लक्षात आहे. जुलैमध्ये सरकारने वटहुकूम काढला, की फळं-भाजीपाला, कांदा-बटाटा बाजार समितीच्या बाहेरही विकता येईल आणि आडत शेतकऱ्याकडून नाही, खरेदीदाराकडून घ्यायची. आणि सप्टेंबरात जिओ आलं, फुकट इंटरनेट घेऊन. पोराने टच फोन घेतला. गावागावांत व्हॉट्सॲपचे कांदा ग्रुप झाले. २०१७ च्या १ जूनला आपल्याच जिल्ह्यातल्या पुणतांब्याच्या शेतकऱ्यांनी संप पुकारला, तेव्हा त्याची हाक याच ग्रुपवरून शिवारात फिरली. त्या दिवसांत मला पहिल्यांदा वाटलं, की हे यंत्र आपल्याला भाव सांगण्यापेक्षा आपण किती जण आहोत ते सांगायला बरं आहे.

आता मला माझी गोष्ट सांगितली पाहिजे. पोरगा म्हणतो लिहू नका, लोक हसतील. हसू द्या.

२०१९ चा सप्टेंबर. भाव चढत होता. चाळीत माझा उन्हाळी कांदा पंचावन्न क्विंटल, एकशे दहा गोण्या. ग्रुपवर पोराने चाळीचे फोटो टाकले होते. एका माणसाचा फोन आला. परराज्यातली मोठी पार्टी आहे, आम्ही तुमच्या बांधावरून माल उचलतो, आडत नाही, हमाली नाही, टेम्पो नाही. बाजारात तीस रुपयांच्या आसपास होता, तो तेहेतीस म्हणाला. बोलणं इतकं गोड, की दर वाक्याला ‘काका’. दुसऱ्या दिवशी ट्रक आला, माणसं चांगली होती, काटा समोर केला, एक किलो इकडे-तिकडे नाही. तीस हजार रुपये पोराच्या खात्यावर आमच्या डोळ्यांदेखत जमा झाले. टुंग असा आवाज आला. त्या आवाजाने मी फसलो असं मी नेहमी म्हणतो. एकूण झाले होते एक लाख एक्याऐंशी हजार पाचशे. बाकी दीड लाख आणि पंधराशे रुपये माल पोहोचला की संध्याकाळी.

संध्याकाळी फोन लागला, म्हणाला सर्व्हर डाऊन आहे. दुसऱ्या दिवशी म्हणाला बँकेला सुट्टी आहे. तिसऱ्या दिवशी फोन बंद. आजपर्यंत बंद.

पोलीस ठाण्यात गेलो. पावती आहे का? नाही. करार? नाही. त्याचं पूर्ण नाव? फोनमध्ये पोराने ‘कांदा पार्टी’ म्हणून ठेवलं होतं. अर्ज घेतला त्यांनी. बाजार समितीत गेलो, तर तिथले म्हणाले, तुम्ही बाहेर विकला, आमच्याकडे परवान्याचा व्यापारी असता तर आम्ही त्याच्या मानेवर बसलो असतो. खरंच होतं त्यांचं. समितीच्या आवारात व्यापाऱ्याचा परवाना असतो, तारण असतं, चुकाऱ्याची जबाबदारी असते. बाहेर विकायची मोकळीक आम्हाला मिळाली, पण बाहेर राखण कोणाची, हे त्या वटहुकुमात आमच्यापर्यंत आलं नाही.

पोराने चार दिवस जेवण टाकलं. फोटो त्याने टाकले होते ना. मी त्याला काही बोललो नाही, कारण तेहेतीस ऐकल्यावर माझीही लाळ गळली होती. बोलली ती आमची घरची. चुलीपुढे बसूनच म्हणाली, ‘आडत्या लुटीत आसंल, पर त्याचं घर तरी आपल्याला ठावं हाय. त्याच्या दारात बसून रडता तरी येतं.’ दादा पुण्याला भांडायला गेले होते तो दिवस मला आठवला. त्यांना जायला दार होतं.

त्या वर्षी सोसायटीचं कर्ज थकलं. घरात दोन म्हशी होत्या, त्यातली एक विकली. फोन मी महिनाभर पोराच्या हातात दिसला की मान वळवायचो.

आणि मग सहाच महिन्यांत, मार्च २०२० ला टाळेबंदी आली. बाजार बंद, उघडले तर गर्दीमुळे पुन्हा बंद. उन्हाळी कांदा काढणीला आलेला, वर अर्धा एकर मेथी, कोथिंबीर, वांगी. जो फोन मी नजरेसमोर नको म्हणत होतो त्यानेच त्या वेळी घर चालवलं. राहुरीला शिकलेला तो पुतण्या आता पुण्यात राहतो. त्याने त्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, काकांचा माल आहे, कोणाला पाहिजे? रात्रीत सत्तर घरांनी यादी दिली. कृषी खात्याने शेतकरी गटांना वाहनाचे पास दिले होते, आमच्या गटालाही मिळाला. सूनबाईने वहीत घर नंबर टाकून याद्या केल्या. पाच किलो कांदा शंभर रुपये. बाजारात तेव्हा किलोला सात-आठ रुपये होता. आणि पैसे आधी. सूनबाईने सांगूनच टाकलं, ‘मामा, पैसं आल्याशिवाय पिशवी भरायची न्हाई.’ सत्तर घरांतल्या एकानेही पैसे बुडवले नाहीत. फाटकावर तोंडाला फडकं बांधलेली शहरातली माणसं लांबूनच हात जोडायची. एका म्हाताऱ्या बाईंनी मला पिशवीत घालून साबण आणि बिस्किटं दिली. मला काय बोलावं ते सुचलं नाही.

पण याचाही हिशेब सांगतो, नाहीतर शहरातल्या वाचकाला वाटेल हाच उपाय. आठवड्याला एक फेरी, पिकअपचं डिझेल, पिशव्या, आणि घरातली पाच माणसं दोन दिवस निवडायला आणि भरायला. त्यांची मजुरी धरली तर वीस रुपयांचा कांदा मला बारा-तेरालाच पडायचा. तरी बाजारापेक्षा बरा. पण दिवाळीपर्यंत सोसायटीखालची दुकानं उघडली आणि सत्तरची अकरा घरं राहिली. ती अकरा अजून आहेत. त्यांच्याकडून वर्षाला माझा फार तर आठ क्विंटल कांदा जातो. उरलेला नेप्तीलाच.

फोनवर भाव सगळ्यात लवकर मला कळला तो ७ डिसेंबर २०२३ ला. कांद्याची निर्यातबंदी. सरकारचा कागद निघाला आणि रात्रीतच आमच्या ग्रुपवर आला. पूर्वी अशी बातमी आम्हाला चार दिवसांनी पट्टीवर कळायची. आता व्यापाऱ्याला आणि मला एकाच मिनिटाला कळली. फरक एवढाच, की त्याने सकाळी बोली खाली आणली आणि माझा लाल कांदा काढून वाफ्यात पडलेला होता, तो काही ठेवणीचा नसतो. नाशिककडे शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडले. आम्ही दोन दिवस थांबलो आणि तिसऱ्या दिवशी जे येईल त्याला दिलं. बंदी उठली मे २०२४ मध्ये, तोवर लाल कांदा लोकांनी खाऊनही झाला होता.

यंदा चाळीत साठेक क्विंटल आहे. सकाळी नेप्तीच्या हमालाला फोन लावला होता, म्हणाला, ‘आण्णा, नका आणू आज, रांग पार रस्त्याला गेलीय.’ म्हणून गाडी भरली नाही आणि हे लिहायला बसलो. ‘कांदा पार्टी’ हा नंबर अजून फोनमध्ये आहे. पोरगा काढून टाका म्हणतो. मी सहा महिन्यांतून एकदा लावून बघतो. ती बाई इंग्रजीतून काहीतरी सांगते आणि फोन बंद होतो.